कालचं तिकीट

साल एकोणीसशे अडुसष्ट. त्या सालाबद्दल घरात कुणालाही विचारलं असतं तर प्रत्येकाने निराळंच काही सांगितलं असतं. नवऱ्याने सांगितलं असतं, त्या साली शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीची लिफ्ट त्याच्या हाताखाली आली. सासूबाईंनी सांगितलं असतं, त्या साली जिन्यातला दिवा एकदाचा लागला. तिच्या लेखी मात्र ते साल एका पिवळ्या गळ्याच्या पाखराचं होतं, आणि ते पाखरू मुळात नव्हतंच.

सुरुवात झाली ती एका फ्रेमपासून. चष्म्याच्या दुकानाच्या मागल्या खोलीत ती काचा घासायची. खोली म्हणजे काय, एक टेबल, एक खिडकी आणि एक दगडी चाक. चाकावर वरून थेंब थेंब पाणी पडत राहायचं. काच टेकली की दातांत कळ जावी असा आवाज व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत नखांत पिठासारखा पांढरा लगदा भरायचा. तिला हे काम आवडायचं. आधी शाईचा ठिपका देऊन काचेचा मध्य धरायचा, मग फ्रेमच्या मापाने कडा घासायच्या, मग काच डोळ्यांसमोर धरून भिंतीवरच्या उभ्या-आडव्या रेघांकडे बघायचं. काच उजवीकडे सरकवली की काही काचांतून रेघ डावीकडे पळते, काहींतून ती काचेबरोबर चालते. त्यावरून काचेची जात कळते. माणसांची जातकुळी अशी कळती तर काय बहार झाली असती, असं ती नवऱ्याला म्हणायची. तर त्या दुपारी मालकांनी पडद्याआडून हात आत घातला आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. "ताई, हे जरा जपून. गिऱ्हाईक दीड वर्षाचं आहे." दोन गोल कड्या, मध्ये नाकावरची इवलीशी कमान, आणि कानांमागे वळवून बसवायच्या दोन मऊ तारा. फ्रेम तिच्या तळहातावर मावली, आणि वर तळहात उरला. तिने काही विचार केला नाही. काच घेतली, मध्य धरला, मध्ये जाड नि कडेला पातळ अशी ती काच चाकाला लावली. हात जरासुद्धा हलला नाही. कड अशी उतरली की मालक बघून म्हणाले, "वा! लोण्यात सुरी." हात थरथरला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं. थरथरणारा हात काहीतरी बोलला असता. तिचा हात गप्प होता, तिच्यासारखाच, घरातल्या सगळ्यांसारखाच. चष्मा पुडीत बांधून तिने फळीवर ठेवला, चाक पुसलं, आणि बसच्या रांगेत उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं की मूठ अजून मिटलेलीच आहे, आत काही असल्यासारखी.

घरात एक नियम होता. तो सासऱ्यांचा. सासरे जन्मभर बसगाड्यांवर तिकीट तपासनीस होते. आता गुडघे गेले होते, तिसऱ्या मजल्यावरून उतरणं फक्त रविवारी, तेही खुर्चीत बसून, खुर्ची एका बाजूने नवऱ्याने आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या न्हाव्याने धरलेली. चर्चमधली उपासना संपली की पुन्हा तीच मिरवणूक वर. बाकी आठवडाभर खिडकी, पवित्र शास्त्र आणि वर्तमानपत्र. पण रात्रीचं जेवण झालं, ताटं उचलली, की टेबलाशी ते जुन्या रुबाबात ताठ बसायचे. प्रत्येकाने देवाचे एकेका गोष्टीबद्दल आभार मानायचे. एकच गोष्ट, पण त्या दिवसाची. आधी कधी सांगितलेली चालायची नाही. नवऱ्याने एकदा कंटाळून म्हटलं होतं, "देवबापा, घर दिलंस त्याबद्दल आभार," तर सासऱ्यांनी मिटलेले डोळे उघडले. "हे मागल्या महिन्यात झालं. कालचं तिकीट आज चालत नाही. उतरा खाली." मग लिफ्टमध्ये अडकलेल्या लठ्ठ वकिलाने अंधारात स्तोत्र म्हणायला सुरुवात केली होती ती हकिगत नवऱ्याने सांगितली आणि त्याबद्दल आभार मानले, तेव्हा कुठे सुटका झाली. गोष्ट पसंत पडली की सासरे अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायचे, तिकिटाला भोक पाडल्यासारखी. सासूबाई म्हणायच्या, "चाळीस वर्षं छिद्रं पाडली, आता देवाच्या कानाला पाडताहेत." पण त्यासुद्धा चुकवायच्या नाहीत. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला हे सारं पोरखेळासारखं वाटलं होतं. तिच्या माहेरी प्रार्थना म्हणजे मोठ्या माणसाने म्हणायची आणि बाकीच्यांनी पेंगायची गोष्ट. इथे मात्र दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागत. दुपारीच तिचं मन शोधायला लागायचं, आज काय सांगू? बसमध्ये एका बाईने आपली छत्री दोघींवर धरली. मालकांना शिंक आली आणि त्यांचा स्वतःचाच चष्मा उडाला. कधी ती रात्र होण्याची वाट बघायला लागली, ते तिचं तिलाही कळलं नाही. विश्वास म्हणजे एकदाच मिळणारी वस्तू, ट्रंकेत जपून ठेवायची, असं ती समजत आली होती. इथे तो रोज भाजीसारखा निवडावा लागत होता.

मग आदल्या साली मूल झालं आणि गेलं. मुलगी होती. जन्मली तेव्हाच श्वास नव्हता. कुणी तिला ते मूल हातात दिलं नाही. तेव्हा तशीच पद्धत होती. "बघू नकोस, पोरी, डोळ्यांपुढून जायचं नाही," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि ते मायेनेच म्हणाल्या होत्या. ती घरी आली तेव्हा विणलेले मोजे, दुपटी, सगळं कुठेतरी गेलेलं होतं. तिला दुखू नये म्हणून कुणी बोललं नाही. त्यांना दुखू नये म्हणून ती बोलली नाही. अशी सगळ्यांनी मिळून एक मऊ, घट्ट घडी घातली आणि ती कपाटात ठेवून दिली. रात्रीची प्रार्थना मात्र चालूच राहिली. पाणी वेळेवर आलं, आभार. बसला जागा मिळाली, आभार. सासऱ्यांची बोटं दाबली जायची, पण पूर्वीसारखी चट्कन नाही. ती काहीतरी जुनंच तिकीट पुढे करते आहे आणि आपण ते चालवून घेतो आहोत, अशी जरा सावकाश.

तर त्या रात्री, फ्रेमच्या रात्री, तिची पाळी आली आणि आत काहीच नव्हतं. रिकामं म्हणजे धुतलेल्या भांड्यासारखं रिकामं. तिला फक्त तळहात दिसत होता, आणि त्यावरच्या दोन कड्या. सगळे डोळे मिटून थांबले होते. नवऱ्याने घसा खाकरला. आणि तिच्या तोंडून आलं, "देवबापा, आज कामाच्या खिडकीपाशी एक पाखरू आलं होतं. पिवळ्या गळ्याचं. त्याबद्दल आभार."

कट्, बोटं लगेच दाबली गेली. सासऱ्यांनी आमेन म्हणण्याआधीच डोळे उघडले होते. "पिवळा गळा? आणि पाठ?"

"करडी," ती म्हणाली. आता काय, एकदा भोपळा पाण्यात टाकला की तो वरच येणार.

"बसलं कुठे?"

"समोर नळाचा वाकडा पाइप आहे ना, त्याच्या कोपरावर." पाइप खरा होता. कोपर खरं होतं. बाकी खिडकीतून समोरची भिंत दिसायची आणि भिंतीवर ओल.

दुसऱ्या दिवशी ती पायरीवर दिसली न दिसली तोच आतून हाक. "सूनबाई, आलं होतं का?" घरात बसून बसून त्या माणसाचे डोळे तिच्याच डोळ्यांवर अवलंबून होते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. आलं होतं, ती म्हणाली. तोंडात काडी होती. काडी म्हटल्यावर घरटं आलं. घरटं म्हटल्यावर, एका संध्याकाळी, नको नको म्हणत असताना, अंडी आली. सासऱ्यांनी त्या रात्री आपल्या पाळीला अंड्यांबद्दल आभार मानले. त्यांचा आवाज असा कोवळा झाला की सासूबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. मग ते पावाचा चुरा कागदात बांधून ठेवू लागले. "आईला खायला लागतं. उबवताना उठता येत नाही तिला." ती पुडी पर्समध्ये घालून ती निघायची, आणि फेकायला हात धजेना म्हणून खिडकीत ओतायची. मग काय व्हायचं तेच झालं. कबुतरं आली. एक आलं, चार आली, नातेवाईक घेऊन आली. खिडकीची काच, चौकट, सगळं पांढरं झालं. मालक पडदा सारून बघतच राहिले. "ताई, आता काय कबुतरांचे डोळे तपासायला घ्यायचे? नंबर काढायचा तर पैसे कोण देणार?"

हसू आलं तिला. चाकाशी बसून ती एकटीच हसली आणि हसता हसता थांबली. कारण अंड्यांचं पुढे काय करायचं ते तिला कळत नव्हतं. फुटून पिल्लं बाहेर येऊ द्यावीत, तर दररोज त्यांना वाढवावं लागेल, नसलेल्या चोचींत नसलेले दाणे घालावे लागतील. आणि नसलेलं लेकरू वाढवणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाळण्याबिगर, नावाबिगर ती आतल्या आत एकीला वाढवतच होती. आता ती बसायला लागली असती. आता तिने टेबलाची कड धरली असती. आणि फुटूच देऊ नयेत, वादळ आलं, मांजर आलं, असं म्हणावं, तर ते म्हणण्याची जीभ तिच्याकडे नव्हती. एका अंड्यालासुद्धा ती मेलं म्हणू शकत नव्हती. रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, देवाला हे सगळं दिसतंय. एक चिमणीही त्याच्या नजरेआड जमिनीवर पडत नाही म्हणतात. मग त्याच्या मोजदादीत हे एक पाखरू जास्तीचं होत असेल, तेव्हा तो काय करत असेल? रागावला असेल असं तिला वाटेना. उलट असं वाटायचं की तो काहीही न बोलता थांबला आहे, टेबलाशी, तिच्या पाळीला, नवऱ्यासारखा घसाही न खाकरता. ते थांबणंच तिला सोसवत नव्हतं.

आणि एका गुरुवारी सासऱ्यांनी जाहीर केलं, "शनिवारी मला खाली न्या. वाचताना अक्षरं पळतात, डोळे तपासून घेतो. तेवढ्यात पाखरूही बघू. पिल्लं निघायची वेळ झाली." नवरा म्हणाला, "बाबा, दोन बस बदलून? खुर्चीत?" "का, चार वर्षांचा होतास तेव्हा तुला खांद्यावरून सर्कशीला नेलं होतं. तू काय मला तिकीट विचारलं होतंस?" न्हाव्याला निरोप गेला. सासूबाईंनी कोट उन्हात टाकला. तिने ताटं उचलली आणि स्वयंपाकघरात नळ उघडा सोडून उभी राहिली. खोटं उघडं पडेल याची लाज होतीच, पण ती वरवरची. खाली भीती होती ती वेगळी. पाखरू नव्हतं म्हटलं की ते विचारतील, मग तेव्हा होतं तरी काय? आणि ते सांगायचं म्हणजे ती घडी उलगडायची. पुन्हा मिटता आली नाही तर? हे चौघांचं टेबल, हे हसणं, ही बोटांची कट्, हेच तर तिच्याजवळ उरलं होतं. तेही सांडलं तर?

शुक्रवारी दुपारी बाहेरच्या दुकानात मूल रडल्याचा आवाज आला. फळीवरची पुडी इतके दिवस तशीच पडून होती. मुलाची आई मध्यंतरी आजारी होती म्हणे. मालकांनी हाक मारली, "ताई, जरा बाहेर या. तारा वळवायच्यात, माझी बोटं म्हणजे भोपळे." ती हात पुसत आली. मूल आईच्या मांडीवर होतं. चष्मा नाकावर चढला आणि ते एकाएकी गप्प झालं. आई पुढे वाकली, "बघ, बघ, मी कोण?" पण त्याने आईकडे पाहिलंच नाही. ते खाली पाहत होतं. मग मांडीवरून घसरून लादीवर बसलं आणि दोन लाद्यांमधल्या फटीवरून एक बोट फिरवू लागलं. हळूच, शेवटपर्यंत, मग दुसऱ्या फटीवरून. जणू कुणीतरी ती रेघ आत्ता, त्याच्यासाठी ओढली होती. मुलाची आई हसली, डोळे पुसत म्हणाली, "घ्या! आईपेक्षा लादी बरी." तारांसाठी ती मुलाशेजारी गुडघ्यांवर बसली. तारेचं टोक धरलं, आणि ते वळवायला तिला त्याच्या कानामागे बोट न्यावं लागलं.

ते कानामागचं ऊन. जरासं ओलसर, दुधासारखं. कानाची पाळी इतकी मऊ की बोटाला ती आहे की नाही कळेना. आणि तिला दिसलं. आदल्या साली, इस्पितळात, दाराशी परिचारिका, हातात पांढरं गुंडाळलेलं काहीतरी, पाठ फिरवून जाताना कापड जरासं सरकलेलं, आणि वर एक कान. वरची कड आत दुमडलेला, झोपेत उशीखाली दबलेला असावा तसा. तेवढंच. मग दार. हे तिला आठवत नव्हतं असं नाही. हे तिने पाहिलं आहे हेच तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. इतके दिवस तिच्यासाठी काहीच झालं नव्हतं, फक्त एक 'नाही' झालं होतं. आणि आता एक कान होता. नसलेल्याला कान नसतो. तार वळली, बसली. मुलाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या नाकाला, मग नखांतल्या पांढऱ्या लगद्याला बोट लावलं. "उद्या-परवा सैल वाटली तर आणा," ती मुलाच्या आईला म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. आत चाकाशी जाऊन ती बसली आणि पाणी थेंब थेंब पडत राहिलं, आणि तिने ते पडू दिलं.

रात्री सासूबाईंनी जिन्यातल्या दिव्याबद्दल आभार मानले, त्या दिवशीच तो लागला होता. नवऱ्याने नव्या इमारतीच्या गच्चीवरून दिसलेल्या नदीबद्दल मानले. मग तिची पाळी.

"देवबापा," ती म्हणाली. मग डोळे उघडले, कारण मिटून ते सांगता येईना. "पाखरू नव्हतं. कधीच नव्हतं. मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी बोलले. आपल्या मुलीचा कान मला दिसला होता. नेताना. वरून जरासा दुमडलेला होता. तो मला दिसला, त्याबद्दल आभार."

टेबलावर दिवा होता, मिठाची वाटी होती, सासऱ्यांचे हात होते. तिने त्या हातांकडेच पाहिलं. आपल्या मुलीचा, हे शब्द या घरात कुणी पहिल्यांदाच उच्चारले होते, आणि ते खोलीत तसेच उभे होते, बसायला जागा शोधणाऱ्या पाहुण्यासारखे. मग सासूबाई बोलल्या, कुणाकडेही न बघता. "केस होते तिला. पुष्कळ. कपाळावर आले होते, मी ओल्या फडक्याने मागे सारले. मीच न्हाऊ घातलं गं. तुला सांगायचं होतं, पण वाटलं..." त्यांनी पदर तोंडाला लावला. नवरा टेबलाच्या लाकडावर नख ओढत होता. "हलकी नव्हती," तो म्हणाला. "सगळे म्हणत होते, अगदी हलकी असेल. मी नेलं तिला. हलकी नव्हती. हाताला भरत होती." त्याच्या तोंडून कधी थट्टेवाचून वाक्य निघालं नव्हतं, हे निघालं, आणि तो लहान मुलासारखा रडला. तिने त्याचा हात धरला. तिच्या मुठीत इतके दिवस जे रिकामं होतं त्यात तो हात बसला. घडी उलगडली होती. आत काही भयंकर नव्हतं. आत एक मुलगी होती. तिला कान होता, केस होते, वजन होतं.

सासरे सगळ्यांत शेवटी. "मी पाहिलं नाही तिला," ते म्हणाले. "हे गुडघे. मी वर इथेच बसलो होतो, आणि तुम्ही परत आलात." मग त्यांनी डोळे मिटले. "देवबापा, माझंही आज तेच. तो कान. ते केस. ते वजन. आमेन."

जरा वेळाने सासूबाईंनी नाक पुसलं. "आणि तुमचं पाखरू?"

"गेलं उडून," सासरे म्हणाले. "माझा चांगला पावशेर पाव खाऊन गेलं." आणि सुनेकडे बघून, "कबुतरांनी खाल्ला ना?" तिने मान हलवली. मग जे हसू फुटलं ते आवरेना, रडण्यातूनच फुटलं, खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर काठी ठोकली तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी खुर्चीची मिरवणूक निघालीच. डोळे खरंच तपासायचे होते. सासऱ्यांनी मागच्या खोलीत खुर्ची नेऊन ठेवायला लावली, पाइपाचं रिकामं कोपर बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "जागा मात्र चांगली होती." त्या रात्री त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पुन्हा तेच आभार मानले, शब्दाला शब्द. नवऱ्याने डोळे उघडले. "बाबा, कालचं तिकीट."

"याचा पास काढलाय मी," सासरे म्हणाले. "पास रोज चालतो. गप बस." आणि बोटं दाबली.

तेव्हापासून नियमात तेवढी सूट आली. ज्याला हवा त्याने पास काढावा. तिने बरीच वर्षं दोन्ही केलं, एक नवं, एक पासाचं. विश्वासात वाढणं म्हणजे काय असं पुढे कुणी तरण्या मुलीने चर्चमध्ये विचारलं तर तिला उत्तर देता यायचं नाही. ती म्हणायची, आमच्याकडे जेवायला ये.

सासरे त्यानंतर सहा वर्षांनी गेले. शेवटी शेवटी वाचा गेली होती, पण रात्री सगळे त्यांच्या पलंगाशी बसले की अंगठा आणि तर्जनी चादरीवर एकमेकांना भेटायची. सासूबाई पुष्कळ जगल्या; एका दुपारी त्यांनी कपाटाच्या तळातून विणलेले मोजे काढून तिच्या मांडीवर ठेवले आणि भाजी निवडायला गेल्या. ते मोजे पुढे झालेल्या मुलाच्या पायात चढले. न्हाव्याने म्हातारपणी दुकान पोराला दिलं, आणि खुर्ची धरून खांदा उतरला तो कायमचा, असं सगळ्यांना अभिमानाने सांगत राहिला. मालकांनी खिडकीला जाळी लावली. कबुतरं तरी येतच राहिली. चष्म्याचं ते मूल दरसाल मोठी फ्रेम घ्यायला यायचं. मग त्याला मिसरूड फुटली, मग ते दुसऱ्या गावी गेलं. दर खेपेला तारा तिनेच वळवल्या, आणि त्याला त्यामागचं काहीच ठाऊक नव्हतं, ते बरंच झालं. नवरा लिफ्टमधून निवृत्त झाला आणि जिने चढायला शिकला. चार वर्षांपूर्वी गेला. जायच्या आदल्या रात्री त्याने तिच्या हातच्या पेजेबद्दल आभार मानले होते आणि म्हणाला होता, "हे आधी कधी म्हटलंय का गं मी?" तिने नाही म्हटलं.

मुलगा दूरच्या शहरात असतो. जेवण झालं की फोन येतो, आणि तिकडून सून, नात, सगळी एकेक आभार मानतात. नात मोठी चौकस. परवा म्हणाली, "आजी, हे तू काल पण म्हणालीस. परवा पण."

"पास आहे माझ्याकडे," ती म्हणाली, आणि टेबलावर, एकट्या खोलीत, तिची दोन बोटं एकमेकांवर दाबली गेली.